पनामा हॅट: नावाचा वाद पुरे, मजुरीचं बोला

पनामा हॅट, म्हणजे काडीची विणलेली फिकट रंगाची हॅट, पनामात होत नाही, ती दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. इक्वेडोरमधले व्यापारी आणि अधिकारी ते जगाला सांगून सांगून थकले आहेत. नाव बदला, लेबलावर इक्वेडोर लिहा, जगभरच्या दुकानांना तसं करायला लावा, अशी मागणी दर काही वर्षांनी पुन्हा उठते. नावाची चूक खरी आहे आणि ती दुरुस्त झाली तर चांगलंच. पण त्या चुकीमुळे हॅट विणणाऱ्याचं नुकसान होतं, हे म्हणणं आम्हाला पटत नाही. त्याचं नुकसान दुसऱ्याच ठिकाणी होतं. हॅट अजून अर्धवट असते, काठाला काड्या लोंबत असतात, आणि गावातला दलाल ती हातात घेऊन भाव सांगतो, तिथे.

नाव पडलं ते व्यापाराच्या वाटेमुळे. इक्वेडोरच्या किनाऱ्यावर, विशेषतः मानाबी प्रांतात, ही काडी विणण्याची कला स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची. तिथल्या हिपिहापा गावाच्या नावावरून स्पॅनिशमध्ये हॅटलाही हिपिहापा म्हणत. एकोणिसाव्या शतकात माल जहाजाने पनामाला जाऊ लागला. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पूर्व अमेरिकेतून तिकडे निघालेले हजारो लोक पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडताना उन्हासाठी ही हॅट विकत घेऊ लागले. घेतली पनामात, म्हणून ती पनामा. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपातही तिचा बोलबाला झाला. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम पाहायला गेले आणि वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्रावर बसलेले, पांढऱ्या कपड्यांतले, डोक्यावर ही हॅट घातलेले त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. मग नाव कायमचं चिकटलं.

असं नाव चिकटणं आपल्याला नवं नाही. हापूस हा शब्द पोर्तुगीज आफोन्सोवरून आला. त्या शब्दाने कोकणातल्या बागायतदाराचा एक आंबाही कमी झाला नाही. त्याला फटका बसतो तो परप्रांतातला आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत भरून वाशीच्या बाजारात विकला जातो तेव्हा. शब्द कुठून आला आणि शब्दाच्या आड काय विकलं जातं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पनामा हॅटच्या बाबतीत सगळा जोर पहिल्यावर लागतो आणि दुसरा तसाच राहतो.

भावाबद्दल बोलायचं तर आधी काम समजून घ्यायला हवं.

काडी येते तोकिया नावाच्या झाडापासून. शास्त्रीय नाव कार्लुडोविका पाल्माटा, स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि राणी मारिया लुइसा यांच्या नावांवरून ठेवलेलं. दिसायला ताडाच्या जातीचं वाटतं, पण ते ताडकुळातलं नाही. पान उघडायच्या आत, ते मिटलेल्या पंख्यासारखं असतानाच कोंब कापायचा. उघडलेलं पान कामाचं नाही, ते हिरवं आणि चिवट होतं. कोंबाच्या बाहेरच्या हिरव्या कडा आणि कडक शिरा काढून टाकायच्या आणि आतल्या फिकट पात्या देठाला तशाच लागलेल्या ठेवून उकळत्या पाण्यात घालायच्या. हिरवा रंग उतरला, पाती मऊ पडली की बाहेर. जास्त उकळली तर काडीचा जीव जातो, विणताना तुटते. कमी उकळली तर हिरवट झाक राहते आणि पुढे पिवळी पडते. मग त्या दोरीवर झटकून, मोकळ्या करून वाळवायच्या. वाळताना चपटी पाती स्वतःभोवती आत वळते आणि गोल काडी बनते, ते ज्याने पाहिलं त्यालाच या झाडाचं वेगळेपण कळतं. इतर गवताची हॅट चपट्या पट्ट्यांची असते. इथे प्रत्येक धागा गोल आणि पोकळसर असतो, म्हणूनच ती हलकी आणि लवचिक. शेवटी बंद खोलीत किंवा पेटीत निखाऱ्यावर गंधक जाळून धुरी देतात, त्याने काडी पांढरी होते. धुरी जास्त झाली की काडी ठिसूळ होते आणि तो दोष विणून झाल्यावरच उघडा पडतो.

यानंतर काडी चिरायची. अंगठ्याच्या नखाने किंवा टोकदार सुईने एका पातीचे दोन, चार, आठ भाग. सगळे सारख्या जाडीचे हवेत. दोन जाड काड्या शेजारी आल्या तर तयार हॅटवर पट्टा उमटतो आणि तो कितीही इस्त्री केली तरी जात नाही.

विणकाम माथ्याच्या मध्यापासून सुरू होतं. थोड्या काड्या एकमेकींत अडकवून छोटं फूल करायचं आणि तिथून गोलगोल बाहेर जायचं. गोल वाढला की काड्यांमधलं अंतर वाढतं, ते भरायला नव्या काड्या घालाव्या लागतात. हॅट उजेडात धरली की माथ्यावर एकात एक कडी दिसतात, ती या नव्या काड्या घातल्याची जागा. काही विक्रेते कडी मोजून दाखवतात आणि जितकी कडी जास्त तितका माल उंची असं सांगतात. ते अर्धसत्य आहे. कडी म्हणजे काड्या कुठे वाढवल्या याची खूण. विणीचा बारीकपणा ठरतो एका इंचात किती ओळी बसल्या यावर.

माथा पुरा झाला की तो लाकडी साच्यावर बांधून भिंत खाली उतरवायची. मानाबीत बारीक काम करणारा विणकर तिवईवर साचा ठेवतो, त्यावर उशी ठेवून छाती टेकतो आणि ओणवा होऊन दोन्ही हात खाली सोडून विणतो. छातीच्या दाबाने साचा हलत नाही. तासन्‌तास असं ओणवं राहिल्यावर पाठीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शेजारी पाण्याचं भांडं असतं, बोटं सतत ओली करायची. उन्हं चढली, हवा कोरडी झाली की काडी कडकडते आणि घामाने डाग पडतात, म्हणून बारीक काम पहाटे आणि संध्याकाळी. मानाबीतल्या पिले गावच्या अतिशय बारीक हॅटांना हवामानच तसं लागतं. ती सबब नाही, तो कामाचा भाग आहे. दिवसातले चार-पाच तासच धड काम होतं.

शेवटी काठ. काठाच्या टोकाला उरलेल्या काड्या परत आत वळवून विणीतच लपवायच्या, म्हणजे कड बंद होते. पैठणीचा काठ जसा विणकराची परीक्षा असतो तसं हे. स्वस्त मालात इथेच काड्या कापून शिवण मारतात किंवा वर फीत चढवतात.

इथपर्यंत विणकराचं काम. पण हॅट अजून हॅट झालेली नसते. सैल काड्या एकेक ओढून आवळायच्या, लोंबणारी टोकं कापायची, धुवायची, पुन्हा पांढरी करायची, लाकडी हातोडीने ठोकून विण बसवायची, इस्त्री करायची, साच्यावर वाफेने आकार द्यायचा, आत पट्टी आणि बाहेर फीत लावायची. मानाबीतल्या मोंतेक्रिस्ती गावात यातल्या एकेका कामाचे वेगळे कारागीर असतात. डोंगराळ भागातल्या क्वेन्कामध्ये हे सगळं निर्यातदारांच्या कारखान्यांत होतं. विणणाऱ्याने विकलेली वस्तू आणि दुकानात दिसणारी वस्तू यांच्यात एवढं अंतर आहे, आणि नफा या अंतरात मुरतो.

आता हिशेब. मध्यम मापाची हॅट घ्या: डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर, भिंत ११ सेंटिमीटर, काठ अडीच इंच. माथा, भिंत आणि काठ मिळून विणलेलं क्षेत्र साधारण २२० चौरस इंच भरतं. एका इंचात उभ्या १० आणि आडव्या १० काड्या असतील तर चौरस इंचात १०० गाठी, म्हणजे पूर्ण हॅटमध्ये २२ हजार. इंचात २० आणि २० झाल्या की चौरस इंचात ४००, हॅटमध्ये ८८ हजार. काड्या दुप्पट, काम चौपट. शिवाय काडी निम्म्या जाडीची, म्हणून ती जास्त तुटते आणि चिरायलाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ चौपटीहूनही अधिक वाढतो. युनेस्कोने या विणकामाची नोंद केली, त्यात एका हॅटला एक दिवसापासून आठ महिन्यांपर्यंत वेळ लागतो असं म्हटलं आहे, ते या गणितामुळेच.

दुकानदार हा बारीकपणा 'ग्रेड'ने सांगतात. ग्रेड १०, ग्रेड १५, ग्रेड २०. पण ही ग्रेड कोण ठरवतं? ज्याचा तो. एकाची २० ती दुसऱ्याची १४ असू शकते. सर्वमान्य मोजमाप नाही. सोन्याचा कस, दुधाचं फॅट, उसाचा उतारा या सगळ्याला माप आहे, आणि ज्या मालाची किंमत सर्वस्वी मोजता येण्याजोग्या गोष्टीवर ठरते त्यालाच माप नाही. माप नसलं की भाव नजरेवर ठरतो, आणि नजर नेहमी विकत घेणाऱ्याची असते. उसाच्या काट्यावर आणि दूध संकलन केंद्रावर आपल्या शेतकऱ्यांनी हेच भोगलं आहे.

इक्वेडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकी डॉलरच चलन आहे. २०२५ सालचं तिथलं किमान मासिक वेतन ४७० डॉलर होतं. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर दिवसाला साधारण २१ डॉलर. एका दिवसात होणाऱ्या जाड हॅटला विणणाऱ्याच्या हाती काडीचा खर्च सोडून २१ डॉलर यायला हवेत. आता चार महिन्यांची बारीक हॅट घ्या. महिन्याला २२ दिवस, रोज चार तास, म्हणजे ३५२ तास, आठ तासांचे ४४ दिवस. दोन महिन्यांचं वेतन, ९४० डॉलर. आणि किमान वेतन म्हणजे अगदी तळ. त्यात दहा-पंधरा वर्षं घासून मिळवलेल्या हाताचं मोल धरलेलंच नाही. दुकानातल्या किमती पाहिल्या तर अशा हॅटमध्ये हा पैसा सहज मावतो. तो विणणाऱ्यापर्यंत पोचत नाही, कारण तो ज्या टप्प्यावर विकतो तिथे ना तास मोजले जातात ना ओळी.

स्वस्ताईने धंदा टिकतो, असं व्यापारी सांगतात. मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक कागदी हॅटकडे जाईल. या म्हणण्याची परीक्षा एकदा झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्वेन्का आणि आसपासच्या आस्वाय, कन्यार या डोंगरी प्रांतांत उत्पन्नाचं साधन हवं म्हणून हे विणकाम मुद्दाम शिकवलं गेलं. काडी किनाऱ्यावरून यायची, विणायचे डोंगरात. बायका चालताना, बाजारात बसल्याबसल्या, गप्पा मारताना विणत. माल जाडा, भाव कमी, संख्या प्रचंड. १९४० च्या दशकात हॅट ही देशाच्या प्रमुख निर्यातींपैकी एक झाली. मग आशियातून कागदाच्या स्वस्त हॅटा आल्या, हॅट घालायची फॅशनही ओसरली, आणि १९५० च्या दशकात बाजार कोसळला. आस्वाय आणि कन्यारमधली माणसं अमेरिकेची वाट धरू लागली, आणि पहिली माणसं न्यूयॉर्कला पोचली ती हॅटच्याच व्यापारातल्या ओळखींवरून. आजही न्यूयॉर्कमधल्या इक्वेडोरी वस्तीत या दोन प्रांतांचा मोठा वाटा आहे. स्वस्त विकूनही धंदा वाचला नाही. कागदाशी भावात लढाई कधीच जिंकता येत नाही, कारण यंत्राचा तास माणसाच्या तासाहून नेहमी स्वस्त असतो.

नावाच्या संरक्षणाचं काय? इक्वेडोरमध्ये 'मोंतेक्रिस्ती' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि डिसेंबर २०१२ मध्ये युनेस्कोने तोकिया विणकाम मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह. पण नावाला संरक्षण मिळालं की नावाची किंमत वाढते, आणि वाढलेली किंमत ज्याच्या हातात तयार माल आहे त्याला आधी मिळते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि इथे संताप झाला. तो रास्त होता, कंपनीला नंतर मूळ मान्य करावं लागलं. पण त्या सगळ्या गदारोळात कातडं कमावणाऱ्याला आणि वेणी घालणाऱ्या बाईला एका जोडामागे काय मिळतं, हे किती जणांनी विचारलं? मानांकनाचा कागद आणि मजुरीचा दर यांच्यात आपोआप जोड नसते. ती मुद्दाम घालावी लागते.

ती कशी घालायची याबद्दल आमचं म्हणणं स्पष्ट आहे. संरक्षित नावाने विकायच्या प्रत्येक हॅटवर एका इंचातल्या उभ्या-आडव्या ओळी छापणं सक्तीचं करावं. कापडातले धागे मोजायचं साधं भिंग असतं, त्याने एका मिनिटात मोजणी होते. भिंतीवर तीन ठिकाणी मोजायचं आणि सर्वांत कमी आकडा धरायचा, म्हणजे एखादा बारीक पट्टा दाखवून फसवता येत नाही. मोजणी गावात, विक्रीच्या वेळी, विणणाऱ्याच्या समोर व्हावी. त्या आकड्याला किमान तास जोडलेले असावेत आणि तासांना किमान वेतनाचा दर. त्याखाली खरेदी करणाऱ्याला ते नाव वापरता येऊ नये. दुसरी गोष्ट, आवळणं, धुणं, ठोकणं ही कामं विणकरांच्या सहकारी संस्थांनी गावातच करावीत. यंत्रसामग्री मोठी लागत नाही. हातोडी, साचे, इस्त्री आणि धुरीची पेटी. आपल्याकडे दुधात हे करून दाखवलं गेलं: शीतकरण आणि प्रक्रिया उत्पादकांच्या संस्थेकडे आली तेव्हाच दर हातात आला.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. विणकरांची मुलं हे काम करायलाच तयार नाहीत, मग दर वाढवून काय साधणार? मुलांचं बरोबर आहे. छाती उशीवर टेकून दिवसातले चार तास ओणवं राहायचं आणि मिळकत रोजंदारीहून कमी, हे कोणीही नाकारेल. परंपरा टिकवायची जबाबदारी गरिबाच्या पाठीवर टाकता येत नाही. आधी दर, मग मुलं येतात की नाही ते त्यांनी ठरवावं. दर दिल्यावरही आली नाहीत तर ही कला संपेल, आणि ते दुःख मान्य करावं लागेल. पण आज ती संपते आहे त्याचा दोष मुलांच्या अनिच्छेवर ढकलणं खोटं आहे.

घालणाऱ्याचीही यात बाजू आहे. चांगली हॅट नीट वापरली तर वीस वर्षं टिकते, आणि एका उन्हाळ्यात फाटली तर तो माणूस पुढच्या वेळी कागदीच घेतो. हॅट माथ्याच्या पुढच्या चिमटीत कधीच धरू नये. सगळ्यात जास्त हॅटा तिथेच चिरतात. काठाला पुढून आणि मागून धरून घालावी. ठेवताना उलटी, माथ्यावर. गुंडाळून विकतात म्हणून गुंडाळून ठेवू नये. प्रवासापुरतं ठीक, पोचल्यावर लगेच मोकळी करावी, आणि फक्त बारीक विणीची, मधे उभी रेघ असलेलीच हॅट गुंडाळावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात काडी कोरडी पडून तडकते, म्हणून किटलीच्या वाफेवर वीतभर अंतरावरून चार-पाच सेकंद फिरवावी. कोकणात उलट भीती, पावसाळ्यात बुरशी धरते. आतली पट्टी बाहेर उलटवून सावलीत वारा द्यावा. गाडीत काचेखाली ठेवली तर एका दुपारीत वाकडी होते. आणि उन्हासाठीच घेत असाल तर काठ किमान ७ सेंटिमीटर हवा, विण उजेडाला धरून बघावी. सैल विणीत हवा खेळते, पण उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात.

खरी की कागदी, हे ओळखायला दोन जागा पुरतात. माथ्याच्या मध्यावर विणलेलं फूल आणि आतल्या बाजूला नव्या काड्यांची टोकं दिसायला हवीत. कागदी धागा एकसारख्या रंगाचा, एकसारख्या जाडीचा असतो. मग काठाची कड बघा: काड्या आत वळल्या आहेत की शिवण आहे? तिसरी जागा आतली पट्टी. तिथे सोनेरी अक्षरांत व्यापाऱ्याचं नाव आणि कधीकधी ग्रेड छापलेली असते. विणणाऱ्याचं गाव आणि इंचातल्या ओळींचा आकडा लिहायला त्याच पट्टीवर भरपूर जागा उरलेली असते.